दोन शिंगांचा डोंगर

बाबा, डोंगर दोन होते. आपण एकच समजून बसलो. काल दुपारी मला ते दिसलं आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत. आई मागच्या दारी सोलं वाळत घालत होती. मी हातात यंत्र घेऊन तशीच धावत तिच्याकडे गेले आणि म्हटलं की डोंगर दोन होते. तिने मान वर न करता विचारलं, खंयचे डोंगर. मी सांगितलं, खेळातले गो, बाबांचो सातवो डबो गावलो. तिला आठवायला थोडा वेळ लागला. मग कोकमाने लाल झालेले हात तिने तसेच हवेत धरले आणि म्हणाली, "एकोणीस वर्सां झाली. माका कित्याक सांगतंस? तेंका सांग." आणि पुन्हा सोलं पसरायला लागली. थट्टा नव्हती ती. ज्याची वस्तू त्याला नेऊन दे, अशा सुरात म्हणाली. म्हणून हे लिहायला बसले आहे. रोज कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिते, आज आईच्या.

क्रमाने सांगते, नाहीतर मीच गोंधळेन. मी पंधरा वर्षांची होते. मामा बोटीवरून सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी सिंगापूरहून ते खेळाचं यंत्र आणलं. तळहातावर मावेल एवढं, जांभळट रंगाचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. सोबत एकच कॅसेट. ती होती एका नावाजलेल्या खेळाचा दुसरा भाग. पहिला भाग म्हणे जगभरच्या पोरांनी घरच्या टीव्हीला जोडून खेळला होता, आपल्या मिठबावात तो कुणी पाहिलाही नव्हता. दुसऱ्या भागात अवजड पोशाख घातलेली एक बाई कुठल्याशा दूरच्या ग्रहावर उतरते. तिथे फुटलेल्या यानातली सात माणसं सात कुप्यांमध्ये, तुम्ही त्यांना डबे म्हणायचात, झोपलेली आहेत, खडकांच्या पोटात. ती शोधून काढायची, वाटेत येणाऱ्या जनावरांना मारायचं, जमीन सुरुंगाने फोडायची. नकाशा नाही. आणि त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेडही नव्हता. घरात बसलं तर काही दिसायचं नाही, उन्हाकडे तिरपं धरावं लागायचं. म्हणून मी पडवीच्या पायरीवर बसायचे. आणि पडवीत तुम्ही जाळं सांधत बसलेले असायचात, कारण त्याच वर्षी तुम्ही होडी काकांच्या हातात दिली होती.

ती का दिलीत हे घरात कुणी बोलत नसे, पण मला ठाऊक होतं. आपल्या गावापासून आत दर्यात एक खडप आहे, पाण्याखालचा खडक, वरून काही दिसत नाही. त्यावर गोबरे, तांबोशी अशी मोठी मासळी मिळायची. ते खडप तुम्हाला तुमच्या बापाकडून आलेलं. काठावरच्या दोन वस्तू, एक जवळची आणि एक लांबची, एकीमागे एक आल्या की एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूच्या अशाच दोन वस्तू जुळल्या की दुसरी. दोन रेघा कापतात तिथे खाली खडप. त्या चार वस्तू कोणत्या हे फक्त होडी चालवणाऱ्या तांडेलाला माहीत. पण त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा तुम्ही तिथे गळ सोडले आणि खाली वाळू लागली. दुसऱ्या दिवशी वाळू. तिसऱ्या दिवशीही. बंदरावर आई पाटी घेऊन उभी होती, मी तिच्याबरोबर होते. होडीतल्या एका खलाशाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घराक सांगा, आज वाळयेचा कालवण." लोक हसले. काका हसले नाहीत, ते हळू आवाजात म्हणाले, "दादा, नजर गेली तुजी." हसण्यापेक्षा तेच जास्त लागलं असणार. आठवड्याने तुम्ही सुकाणू सोडलंत. डोळे तपासून घ्या म्हणून आई मागे लागली, तुम्ही गेला नाहीत.

आता पडवी. मी पायरीवर, तुम्ही जाळ्यात. पहिले चार दिवस तुम्ही फक्त करवादलात. "डोळे फुटतले तुजे. लोकांची पोरां काळोखात बसान डोळे फोडतत, तू उजेडात बसान फोड." पाचव्या दिवशी तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून पाहताय. मला तुमच्या अंगाचा नायलॉनचा आणि तंबाखूचा वास येतोय. मी त्या खडकांत हरवलेय, चिडून बटणं दाबतेय. तुम्ही बराच वेळ पाहून म्हणता, "ह्याच खडपार तू आज सात येळा इलंस. तुजी खूण खंय?" मी म्हणते, कसली खूण, हा खेळ आहे. तुम्ही सुईच्या टोकाने पडद्यावर दाखवता. पुढे काळे खडक आहेत, ते बाई चालली की झरझर मागे जातात. त्यांच्या मागे फिकट डोंगर आहेत, ते अगदी सावकाश सरकतात. "जवळचा पळता, लांबचा ऱ्हवता. दोनय एका रेषेत इले की तू खंय आसस ता कळता. दर्यात दोन जोडयो होयो, हयसर एक पुरे."

मला तो क्षण अजून लख्ख आठवतो. चार दिवस मी त्या डोंगरांकडे शोभेचं चित्र म्हणून पाहत होते. तुम्ही सांगितलंत आणि तो सगळा ग्रह एकदम खोल झाला, त्याला पुढचं आणि मागचं आलं. मी पुन्हा हरवले नाही. यंत्र माझ्या हातात, तांडेल तुम्ही. तुम्हाला बटणं कधी जमली नाहीत, तुम्ही ती जाळ्याच्या गाठीसारखी करकचून दाबायचात. पण डावीकडे घे, थांब, जरा मागे, हे तुमचं चालू असायचं, आणि त्या बाईला तुम्ही "तुजी बाय" म्हणायचात. जेवताना विचारायचात, तुजी बाय खंय पावली. आई म्हणायची की त्या बाईचं एवढं पडलंय तर तिलाही एक ताट वाढते.

तुम्हाला एक गोष्ट फार टोचायची. हा दुसरा भाग, तर पहिल्यात काय झालं? बाई आधी कुठे होती, यान का फुटलं? मला काहीच माहीत नव्हतं. सुरुवातीला इंग्रजीत चार ओळी यायच्या, त्यांतून फार काही कळत नसे. पण तुम्ही विचारत राहिलात, म्हणून मी रचून सांगायला लागले. रोज थोडं. ती बाई पूर्वी एका मोठ्या बोटीवर होती, तिचा कप्तान तिच्यावर जळायचा, त्याने तिला एका ओसाड बेटावर सोडलं आणि ती लाकडाचा तराफा करून परत आली. तुम्ही सुई थांबवून ऐकायचात आणि नको तिथे अडवायचात. तराफ्याला दोर कुठून आला? प्यायचं पाणी किती होतं? मला उत्तर द्यावं लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते आदल्या दिवशीच्या उत्तराशी जुळवावं लागायचं. लिहिण्याची नोकरी मला कशी मिळाली असं कुणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगते. खरं म्हणजे मी त्या पडवीत शिकले. पुढे तिशीत मी तो पहिला भाग मिळवून खेळले. त्यात बोट नाही, कप्तान नाही, तराफा नाही. आपला जास्त चांगला होता.

मग त्या दगडांचं. ग्रहाच्या प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक कोरलेला दगड असे, त्यावर दोन आकार, एकावर एक. मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तुम्ही माझ्याबरोबर बसायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी पाहिलंत. खाली मोडका खांब, वर वाकडं शिखर. तुम्ही म्हणालात, त्या खांबाकडे चल. गेलो. शिखर खांबाच्या बरोबर मागे आलं तिथे मला थांबवलंत आणि म्हणालात, आता खाली फोड. मी फोडलं. जमीन उघडली आणि खाली निळ्या उजेडात कुपी होती, आत झोपलेला माणूस. मी किंचाळले. तुम्ही जाळं बाजूला टाकलंत, महिन्यात पहिल्यांदा. "ह्यो खेळ करणारो मनीस दर्यार गेललो आसा," म्हणालात, आणि मग उगाचच उठून खळ्यात एक फेरी मारून आलात. त्या संध्याकाळी तुम्ही बंदरावर गेलात. होडी सोडल्यापासून गेला नव्हतात. कुणाला काही सांगितलं नाहीत, नुसते जाऊन उभे राहिलात आणि परत आलात, पण चालणं वेगळं होतं.

दुसरी कुपी दोन दिवसांत, तिसरी त्याच आठवड्यात. मला वाटलं, हे विसरायला नको, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर खुणा लिहून ठेवल्या, खांब आणि शिखर, कडा आणि सुळका. तुम्ही ते पाहिलंत. एवढं रागावलेलं मी तुम्हाला क्वचितच पाहिलं. पान फाडलंत, चुलीत घातलंत. "लिवलली खूण आपली ऱ्हवणा नाय." मी रडले, म्हटलं हा खेळ आहे, कोण येणार आहे चोरायला. तुम्ही म्हणालात, सवय खेळातच लागते. मग मी धीर करून विचारलं की तुमच्या खडपाच्या खुणा कोणत्या, मला सांगा, मी लिहिणार नाही. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी काही भलतंच मागितलं. त्या जमिनीवर सांगायच्या नसतात, म्हणालात, होडीत सांगायच्या, तिथे पोचल्यावर. आणि मुलीला, चेडवाला, होडीत कोण नेतो. हे दुसरं वाक्य तुम्ही बोलला नाहीत, पण मला ऐकू आलं.

सहा कुप्या झाल्या. सहाच्या सहा पहिल्या फटक्यात, एकदाही जागा चुकली नाही. तुमची मान आता ताठ असे. सातवीचा दगड दिसला तेव्हा तुम्ही मोठ्याने हसलात, एवढं सोपं होतं. खाली मोडकी कमान, वर दोन शिंगांचा डोंगर. असा डोंगर दुसरा कोणता असणार? आपण कमानीपाशी गेलो. उजव्या अंगाला तो डोंगर उभा. कमान त्याच्या समोर आली, दोन शिंगांच्या मधोमध. तुम्ही म्हणालात, फोड. मी फोडलं. काही नाही. एक पाऊल पुढे, एक मागे. काही नाही. तुम्ही यंत्र माझ्या हातातून घेतलंत, उन्हाला धरलंत, डोळ्यांजवळ नेलंत, लांब नेलंत. पुन्हा फोड. दुपार गेली, सेल संपले, मी दुकानातून नवे आणले. पुन्हा काही नाही. असे तीन दिवस आपण तिथेच. चौथ्या दिवशी तुम्ही पडवीत बसलात, पण माझ्याकडे पाठ करून. मी एकटीने थोडं खेळून पाहिलं आणि यंत्र डब्यात ठेवून दिलं. पुढच्या वर्षी मी मालवणला शिकायला गेले. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, पडवीतच, सकाळी, जाळ्यावर हात ठेवून.

एवढी वर्षं मी वर्तमानपत्रात काढली. संध्याकाळी सहाला पान सुटतं, त्याआधी मजकूर द्यायचा, आवडो न आवडो. ती सवय आता हाडात आहे. गेल्या महिन्यात पुरवणीच्या संपादकीय टेबलावरच्या मुलीचा फोन आला. मुलगी हुशार, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. म्हणाली, मॅडम, तो जुना खेळ पुन्हा निघालाय, नव्या यंत्रावर, तुमच्या पिढीच्या कुणीतरी लिहायला हवं. मी "तुमच्या पिढीच्या" हे सोडून दिलं आणि हो म्हटलं. यंत्र घेऊन इथे आले, कारण हे दुसरीकडे खेळायचं नाही हे मला आपोआप कळलं होतं. आईला वाटलं मी आंब्यांसाठी आले.

नव्या यंत्राचा पडदा जवळजवळ वीतभर रुंद आहे आणि त्याला उजेड आहे, बाबा. खेळ तोच, एक रेघ बदललेली नाही, फक्त लख्ख दिसतं. मी पायरीवरच बसले. सहा कुप्या एकामागून एक काढल्या, एकही दगड पुन्हा बघावा लागला नाही. पान चुलीत गेलं होतं म्हणूनच बहुधा सगळं डोक्यात राहिलं. मग कमान. उजव्या अंगाला दोन शिंगांचा डोंगर. कमान त्याच्यासमोर आली आणि मी थांबले. आणि मग पडद्याच्या डाव्या कडेला, जिथे आपल्या जुन्या यंत्रावर कायम काळोखी असायची, उन्हाला कसंही धरलं तरी, तिथे अजून एक डोंगर दिसला. दोन शिंगांचा. हुबेहूब. मी आधी डोळे चोळले. मग समजलं. खेळ बनवणारे काही सबंध मुलूख काढत नाहीत. मागच्या डोंगरांची एक पट्टी काढतात आणि ती संपली की तीच पुन्हा जोडतात. आधीच्या सहा जागी ती पट्टी लांब होती, जोड दिसत नव्हता. इथे ती आखूड होती. म्हणजे डोंगर दोन. मी बाईला थांबवलं नाही, चालू दिलं. कमान सरकत सरकत डावीकडे गेली, पडद्याबाहेर जाणार एवढ्यात त्या दुसऱ्या डोंगराच्या शिंगांमध्ये जाऊन बसली. मी खाली सुरुंग लावला आणि जमीन उघडली.

सातवा माणूस म्हातारा आहे. बाकीचे सहा तरुण, हा एकटाच म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. तो डोळे उघडतो, बाईकडे पाहतो आणि मग सगळे सात वर यानात जातात आणि ग्रह खाली लहान होत जातो. आपण पाहिला नाही तो शेवट हा असा आहे. फार छान आहे, संगीतही. मी दोनदा पाहिला.

तुम्ही चुकला नव्हतात हे तुम्हाला सांगायचंय. तुमची रेघ बरोबर होती, कमान आणि डोंगर अगदी केसभर न ढळता एका रेषेत होते. चूक एवढीच झाली की तुम्ही डोंगरावर विश्वास ठेवलात. ज्याने आयुष्य दर्यावर काढलं त्याला डोंगर दोनदा उभा असेल अशी शंका कशी येणार? शहरातलं कुठलंही पोर वैतागून पुढे चालत गेलं असतं आणि त्याला ती कुपी चुकून मिळाली असती. आपल्याला मिळाली नाही, कारण आपल्याला खूण वाचता येत होती. मी काल हे स्वतःशीच पुनःपुन्हा म्हणत होते आणि हसत होते. त्या वर्षी खडपावर वाळू का लागली याचं उत्तर यात नाही, तेवढं मला कळतं. काठावरची खुणेची कलमं कुणी तोडली असतील, खुणेआड कुठे भिंत उभी राहिली असेल, नाहीतर काका म्हणाले तेच खरं असेल. पण पडवीत त्या तीन दुपारी जे झालं, त्याचं उत्तर आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे.

लेख आज पावणेसहाला पाठवला. नऊशे शब्द, सगळं आहे त्यात, उजेड नसलेला पडदा, दगड, डोंगर कसे सावकाश सरकतात ते. टेबलावरच्या मुलीने लगेच फोन केला. म्हणाली, मस्त झालाय, पण सातवी कुपी कुठे आहे ते चौकटीत देऊ या का, वाचक तेच शोधतात. मी म्हटलं, मला नाही गं मिळाली, तिथे काही नसावं. इतक्या वर्षांत टेबलाशी मी पहिल्यांदा खोटं बोलले आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही. नंतर इथे येऊन बसले आणि वर बघते तर कमानीपासून शिंगांपर्यंत सगळं खडान्खडा लिहून मोकळी झालेय. त्यामुळे हे पत्र कुणाच्या हाती देता येणार नाही. पत्ता असता तरी दिलं नसतं. आई चूल पेटवतेय, विचारतेय की झालं का सांगून.

एकच राहिलं. त्या चौथ्या दिवशी, मी यंत्र डब्यात ठेवत होते तेव्हा, पाठ न वळवता तुम्ही विचारलं होतंत, "माजी नजर खरीच गेली काय गो?" मी लगेच म्हटलं, नाय, बाबा. तेव्हा मला हो वाटत होतं.